राखून ठेवलेला टोला

मुलांनो, जरा कल्पना करून पाहा. तुमच्या गावातली प्रत्येक बातमी चर्चची घंटा देते. बारसे असो, लग्न असो, कुठे आग लागलेली असो, घंटा वाजली की भाकरी थापणाऱ्या बाईलासुद्धा कळते की काय झाले. आणि ती घंटा वाजवणारा माणूस म्हणजे तुमचे बाबा! शाळेत तुमचा केवढा तोरा असेल?

पेद्रा मान्सा गावात जासिराचा अगदी तसाच तोरा होता. तिच्या घरी सरावासाठी एक छोटी पितळी घंटा टांगलेली होती. तिच्यावर हातोडीने टोले देत देत ती सगळ्या खुणा शिकली होती. त्यातली एक खूण तिला सर्वांत आवडे. डोंगरात कुणी वाट चुकले की बाबा दोन जड टोले देत, थांबत, पुन्हा दोन जड टोले. मग घरोघरी खिडकीत दिवा लागे आणि माणसे शोधायला निघत. हरवलेला माणूस घरी पोचला की मगच शेवटचा टोला पडे, एकच, हलका, उंच आवाजाचा. तो ऐकला की शोधणारे माघारी फिरत. म्हणून तो टोला उगाच कुणी देत नसे. गंमत म्हणूनसुद्धा नाही.

जासिराचे मास्तर होते अनिसेतो. काखेत सदा काळी छत्री, मग ऊन का असेना. दिवसा ते मुलांना शिकवत आणि संध्याकाळी खाणीतल्या मजुरांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. जासिरा जन्मली त्या सुमारास ब्राझीलचा कारभार सेनापतींनी हातात घेतला होता, आणि त्यांना असे मोठ्याने वाचलेले आवडत नसे. एका दुपारी जीप आली आणि मास्तरांना घेऊन गेली. छत्री तेवढी त्यांनी सोडली नाही.

जासिरा धावत घरी आली. "बाबा, घंटा वाजवा ना! मास्तर हरवले."

पण गावचा फौजदार आधीच येऊन बसला होता. कॉफी फुंकत तो म्हणाला, "हरवले कुठं? सरकारकडं आहेत. हरवलेल्या माणसाची घंटा वाजवायची नाही. कळलं ना?"

बाबांनी मान डोलावली. त्या संध्याकाळी एकाही खिडकीत दिवा लागला नाही. जासिराला तेच सर्वांत जास्त बोचले. घंटाच नाही तर शोधणार कोण?

तिचा झुल्मीरोमामा रिओमध्ये मारिल्डा नावाच्या गायिकेकडे ढोल वाजवी. मास्तर त्याचेही मास्तर. त्याने त्यांच्यावर एक गाणे लिहिले. मारिल्डाने ते नव्या रेकॉर्डसाठी घेतले आणि म्हणाली, "तुमच्या डोंगरातल्या घंटेशिवाय हे गाणं लंगडं वाटेल." चर्चची घंटा काही बसमधून नेता येत नाही. बाबांनाही ईस्टरच्या आठवड्यात मनोरा सोडता येईना. मग मामा छोटी पितळी घंटा आणि जासिरा, दोघींना घेऊन रिओला निघाला. वाटेत खायला आईने चीज आणि पेरूची वडी बांधून दिली. दोन्ही डोंगर उतरायच्या आतच संपले.

स्टुडिओत पोचतात तो तिथे सगळ्यांचे चेहरे पडलेले. प्रत्येक गाण्याचे शब्द आधी सरकारी साहेबांना दाखवावे लागत. मामाच्या गाण्यावर साहेबांनी अशी लाल पेन्सिल फिरवली होती की एक ओळ शिल्लक नव्हती.

"एकही नाही?" मामाने विचारले.

"'आ' राहिलाय," मारिल्डा म्हणाली. "कडव्याच्या सुरुवातीचा आलाप. त्यावर पेन्सिल चालली नाही बहुतेक."

रेकॉर्ड तयार करणारा दुर्वाल डोक्याला हात लावून बसला होता. "गाणं काढून टाकू. दुसरं घेऊ."

"काढायचं नाही," मारिल्डा म्हणाली. "'आ' तर 'आ'. तेवढंच गाईन."

आणि ती खरोखरच गायली. शब्द नाहीत, नुसता आवाज, डोंगरात कुणाला तरी हाक मारावी तसा. मामाचा ढोल मागून दबकत चालला होता. शेवटी मामाने जासिराकडे पाहून भुवई उडवली. तिने हातोडी उचलली. दोन जड टोले. थांबा. पुन्हा दोन जड टोले. गावात जी वाजली नाही ती घंटा इथे वाजत होती. टोले नेमके पडत होते.

सूर विरला. काचेमागून दुर्वालचा आवाज आला, "झकास! फक्त शेवट लोंबकळतोय गं पोरी. एक टोला दे आणि संपव."

"नाही देणार."

"का?"

"ते अजून आले नाहीत."

"कोण आले नाहीत? कॉफीवाला?"

वाजवणारे सगळे हसले. जासिरा हसली नाही. "तो टोला दिला की शोधणारी माणसं परत फिरतात," ती म्हणाली. "मास्तर आले नाहीत, तर मी कसा देऊ?"

हसू थांबले. दुर्वालने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "झुल्मीरो, तुझी भाची तुझ्यापेक्षा हट्टी आहे."

"तिच्या आईवर गेलीय," मामा म्हणाला. "माझ्या ताईवर."

मारिल्डाने जासिराच्या शेजारी जमिनीवरच बसकण मारली. "हिचं बरोबर आहे. गाणं असंच ठेवायचं. अर्धवट. रेकॉर्डमधलं शेवटचं गाणं हेच."

पण एक अडचण होती. तयार गाणी ऐकायला ते लाल पेन्सिलवाले साहेब स्वतः येणार होते. आले तेव्हा त्यांचा शर्ट उकाड्याने घामेजला होता आणि बूट चावत होते. सगळी गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली. शेवटचे संपले तसे डोळे उघडले.

"यात शब्द नाहीत."

"तुम्हीच नको म्हणालात, साहेब," मारिल्डा गोड आवाजात म्हणाली.

"हं. पण हे संपलेलं वाटत नाही. ही घंटा अर्धवट का सोडलीय? काही अर्थ आहे का यात?" त्यांची नजर फिरत फिरत जासिरावर आली. "तू वाजवलीस ना? मग एक टोला मार बघू. लगेच मंजूर करतो."

 एक टोला दिला की रेकॉर्ड सुटणार होती. नाही दिला तर मामाचे, मारिल्डाचे, सगळ्यांचे कष्ट पाण्यात. जासिराने हातोडी दोन्ही हातांनी पाठीमागे धरली आणि मान खाली घातली.

तेवढ्यात दुर्वाल खाकरला. "तिला काय विचारता, साहेब? माझी चूक. टेप संपली. नवी आणायला वरून पैसे देत नाहीत."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, मग आपल्या चावऱ्या बुटांकडे. "तुम्हा कलावंतांना टेपसुद्धा मोजता येत नाही," असे पुटपुटून त्यांनी शिक्का मारला.

पुढे त्या रेकॉर्डचे खूप नाव झाले. शहाणी माणसे म्हणू लागली की असे गाणे आपल्याकडे आधी कुणी केलेच नव्हते. पण पेद्रा मान्सात ती पहिल्यांदा वाजली ती दिवेलागणीला, चौकातल्या न्हाव्याच्या दुकानात. शेवटचे गाणे आले. दोन जड टोले. थांबा. दोन जड टोले. बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी हॅट काढल्या. सगळे शेवटच्या टोल्याची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही. सुई नुसती खरखरत राहिली.

"काय रे, आज कुठला सण?" फौजदाराने विचारले.

"नाही साहेब," न्हावी म्हणाला, "नुसतं गाणं ऐकतोय."

पण चौकापलीकडच्या एका खिडकीत दिवा लागला होता. मग शेजारच्या. मग वरच्या आळीत. फौजदार इकडून तिकडे पाहत राहिला. दिवा लावायला बंदी असल्याचे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्यानंतर न्हावी रोज ती रेकॉर्ड लावी, आणि दिवे रोज लागत. खाणीतली माणसे जिल्ह्याच्या गावी जाऊन विचारू लागली, आमचे मास्तर कुठे आहेत? एकदा हाकलले तरी पुन्हा जात. आता ती शोधायला निघाली होती, आणि कुणीही माघारी फिरत नव्हते.

एके दिवशी शाळा सुटल्यावर जासिरा चौकात गोट्या खेळत होती. दुपारची बस आली. आधी कोंबड्यांची टोपली उतरली, मग टोपलीवाली बाई. तिच्यामागे एक वाळलेला, दाढी वाढलेला माणूस. जासिराने त्याला ओळखलेच नाही. मग त्याच्या काखेत तिला काळी छत्री दिसली.

मास्तरही तिला पाहून थांबले. "जासिरा? केवढी झालीस गं!"

ती त्यांच्याकडे धावली नाही. गोट्या तिथेच टाकून ती उलट्या दिशेने, चर्चकडे सुटली. मनोऱ्याचे दार उघडेच होते. वर बाबा कबुतरांना हुसकत होते.

"अगं, काय झालं?"

 तिने मनोऱ्यातल्या लहान घंटेचा दोर दोन्ही हातांत धरला, पाय जमिनीवरून उचलले आणि दिला एकच टोला, हलका, उंच आवाजाचा.