न गेलेली पट्टी

अबोलीने प्रथिनं उतरवलेल्या ओल्या, कागदासारख्या मेम्ब्रेनचे दोन तुकडे चिमट्याने उचलून फोटो काढणाऱ्या मशीनमध्ये शेजारी शेजारी ठेवले आणि झाकण लावलं. मिनिटभराने स्क्रीनवर दोन काळ्या पट्ट्या उमटल्या. उमटायला हवी होती एकच.

मुलुंडच्या या कॉलेजात चार वर्षं ती हृदयातल्या एका पोटॅशियम चॅनेलच्या प्रथिनावर पीएच.डी. करत होती. ते प्रथिन शोधायचं तिच्या गाईड मधुवंती मॅडमनी तयार करून घेतलेल्या अँटीबॉडीने. ती प्रथिनाला चिकटली की पट्टी उमटते. तिचा पेपर छापण्याआधी तपासणाऱ्यांनी आता अँटीबॉडी त्याच प्रथिनाला चिकटते याचा पुरावा मागितला होता. म्हणून उजव्या तुकड्यावर टाकण्याआधी अबोलीने अँटीबॉडीत ब्लॉकिंग पेप्टाइड मिसळलं होतं, त्याच प्रथिनाचा इवलासा अंश. घरून पोटभर जेवून आलेला पाहुणा पंगतीत पानाला हात लावत नाही, तशी ही अँटीबॉडी प्रथिनाला चिकटायला नको होती, उजवी पट्टी दिसायलाच नको होती. ती डावीइतकीच काळी होती. अँटीबॉडी भलत्यालाच चिकटत होती. चार वर्षं पाण्यात गेली.

खरं तर ही चाचणी पहिल्याच महिन्यात करायची. पण मॅडमची अँटीबॉडी तपासायची म्हणजे आईच्या हातचं मीठ मोजायचं. या लॅबमध्ये तेवढा आगाऊपणा कुणी केला नव्हता.

"वाट लागली यार," शेजारच्या टेबलावरून मुकुल म्हणाला. "पेप्टाइड खराब असेल गं. परत कर ना."

"तिसऱ्यांदा केलंय. बाटलीपण नवी."

रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. उलट कडकडून भूक लागली, आणि तिला त्याची लाज वाटली.

तास संपवून मॅडम आल्या. स्क्रीन पाहून त्यांनी मुकुलला चहा आणायला पिटाळलं.

"हे चित्र पाठवू नकोस. पेप्टाइड मिळालं नाही म्हणून कळव. चालतं."

"मॅडम, पट्टी गेली नाही."

"माझ्या वेळीही गेली नव्हती."

अबोलीने राग यायची वाट पाहिली. तोही आला नाही. तिने चित्र छापलं, वहीत चिकटवलं, खाली तारीख घातली. वहीच्या प्रत्येक पानावर गाईडची सही त्याच दिवशी व्हावी, हा मॅडमचाच नियम.

"सही, मॅडम."

"तुझी डिग्री अडकेल गं."

"हो."

मॅडमनी तिच्या हातातलं पेन घेतलं. त्यांनी सही केली.

"माझ्या वहीत हे पान नाही," त्या म्हणाल्या, आणि पेन परत दिलं.