उत्तरेकडची भिंत

वास्तुरचनाकार सेप्टिमस हारकोम रेल्वे स्टेशनवरून घोडागाडीनं कोम्बवेलला आला, तेव्हा त्याच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली एक फळी होती. फळीवर बोटभर जाडीचा चुन्याचा गिलावा होता. त्यात गाईचे केस कालवलेले, आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं केलेला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, चाळीस चर्च बांधून झाल्यावर, हा माणूस परसात बसून चुना मळत होता. त्याची स्वयंपाकीण शेजारणीला म्हणाली होती, "मालकांना आता चिखलात खेळायची हौस आलीय."

कोम्बवेलच्या जुन्या चर्चची दुरुस्ती हे त्याचं पहिलं काम. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याला सगळं कळत होतं. त्या काळी त्याच्या धंद्यातल्या सगळ्याच तरुणांना एक खूळ लागलं होतं. जुन्या चर्चच्या भिंतीवरचा गिलावा म्हणजे आळशी पिढ्यांनी देवाच्या घरावर थापलेली घाण. तो खरवडला की आत पूर्वजांचा सच्चा, उघडा दगड निघणार. म्हणून त्यांनी गावोगाव भिंती सोलल्या. पूर्वजांनी त्या ओबडधोबड भिंती एक दिवसही उघड्या ठेवल्या नव्हत्या, हे त्यांतल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सेप्टिमसला ते कळलं तोवर त्याची अकरा चर्च सोलून झाली होती.

बाकीच्या दहांचं त्याला तेवढं वाटत नसे. कोम्बवेलचं वाटे. कारण कोम्बवेलच्या उत्तरेकडच्या भिंतीत एक चेहरा निघाला होता.

गवंडी र्‍यूबेन टोझर खरवडत होता. चुन्याचे चार थर पडले आणि पाचव्याखाली लाल रेघ दिसली. मग गाल, मग दोन डोळे, हातात एक चाक. चाकावरून ओळखू येणारी संत कॅथरीन. कुणा जुन्या चित्रकारानं तिला गावातल्याच एखाद्या गवळणीसारखी काढली होती, जरा तिरळी.

र्‍यूबेन छिन्नी खाली ठेवून म्हणाला होता, "साहेब, ही बघतीय आपल्याकडं. हिला राहू द्या. आणि खरं सांगू का, भिंतीला नागडं करू नये. थंडी बाधते तिला."

आठ दिवसांनी बिशप यायचे होते. एका भिंतीवर पोपडा ठेवून चर्च कसं दाखवणार? सेप्टिमसनं चेहर्‍याकडं पाहिलं, खिशातलं घड्याळ पाहिलं, आणि म्हणाला, "खरवड."

त्या रविवारी बिशपनं त्याची पाठ थोपटली. तिथून त्याला कामं मिळत गेली. ब्रिस्टॉलमधला मनोरा, कोळशाच्या खाणीजवळचं विटांचं मोठं चर्च, एका सरदारीणबाईच्या नवर्‍याच्या थडग्यावरचे सहा देवदूत. सगळ्या देवदूतांना बाईचंच नाक हवं होतं. तेही त्यानं दिलं. बायको गेली, भिंतीतले ते दोन डोळे मात्र मनातून गेले नाहीत. आता डॉक्टरनं छातीला नळी लावून मान हलवली होती, आणि त्याला मरण्याआधी एकच गोष्ट करायची होती. कोम्बवेलच्या भिंतींना पुन्हा अंगरखा घालायचा. चेहरा परत येणार नव्हता. निदान ओल थांबली असती, आणि आपण काय केलं ते गावाला सांगता आलं असतं.

चर्चच्या आतल्या खोलीत पंच जमले होते. पाद्री मिस्टर ऑर्चर्ड, कारभारी जोनस यिओ, दोन शेतकरी, आणि कोपर्‍यात टोपी गुडघ्यावर ठेवून र्‍यूबेन टोझर. र्‍यूबेन आता एकाहत्तर वर्षांचा होता. चर्चची डागडुजी आणि कबरी खोदणं त्याच्याकडं होतं.

सेप्टिमसनं फळी टेबलावर ठेवून फडकं सोडलं.

"हे काय, चीज आणलंत का?" यिओ म्हणाला. शेतकरी हसले.

"गिलावा आहे. सगळ्या भिंतींना हा लावायचा. खर्च माझा. तुमची फक्त संमती हवी."

पाद्रीसाहेबांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते खुर्चीत पुढं सरकले. "मिस्टर हारकोम, एक्सेटरहून लोक हे दगड बघायला येतात. बायका रंगपेटी घेऊन बसतात. आणि तुम्ही म्हणता ते झाकू?"

"माझी पोरगी ह्या दगडांत लग्नाला उभी राहिली," यिओ म्हणाला. "माझा बाप ह्यांच्यातून शेवटचा बाहेर गेला. आमच्या खापरपणज्यांचे दगड आहेत हे."

"तुमच्या खापरपणज्यांनी हे दगड कधी पाहिलेच नाहीत," सेप्टिमस म्हणाला. "हे मी उघडे केले. चूक होती. उत्तरेच्या भिंतीवर चित्र होतं, संत कॅथरीनचं. पाचशे वर्षांचं असेल. ते मी खरवडायला लावलं. एका दुपारी."

पाद्रीसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "थोर माणसं उतारवयात स्वतःवर फार कठोर होतात."

"कठोर नाही हो, खरं सांगतोय! टोझरला विचारा. छिन्नी त्याच्या हातात होती. त्यानं मला थांबवलं होतं. सांग र्‍यूबेन."

सगळ्यांच्या माना कोपर्‍याकडं वळल्या. र्‍यूबेननं टोपी एका गुडघ्यावरून दुसर्‍या गुडघ्यावर ठेवली.

"चित्र?" तो म्हणाला. "नाही बुवा. चुना होता. चुन्याखाली दगड होता."

"र्‍यूबेन!"

"साहेबांनी पुष्कळ चर्च केली. कुठलं तरी दुसरं असेल."

"बघा," यिओ म्हणाला, आणि फळी टेबलाच्या कडेला सारली.

मग पाद्रीसाहेबांनी खाकरून सांगितलं की पंचांनी मिस्टर हारकोम यांच्यासाठी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवली होती. त्यांनी टेबलाखालून पितळेची पाटी काढली. एक्सेटरहून कोरून आणलेली. 'सेप्टिमस हारकोम, ज्यांनी या मंदिराला त्याचं प्राचीन रूप परत दिलं.'

"जागा तुम्हीच दाखवा," पाद्रीसाहेब म्हणाले. "टोझर, यांना आत ने. आम्ही चहाचं बघतो."

चर्चमध्ये तळघराचा वास येत होता. खांबांच्या पायथ्याशी हिरवं चढलं होतं. सेप्टिमसनं भिंतीला तळवा टेकला, तर हाताला रेती लागून आली.

"तू खोटं का बोललास?" त्यानं विचारलं.

र्‍यूबेननं आधी पाटी बाकावर नीट ठेवली. "तुम्ही चारच्या गाडीनं जाल, साहेब. मी कुठं जाऊ?"

"मी सगळा दोष माझ्याकडं घेत होतो."

"तुमच्याकडचा दोष लोक विसरतील. तुम्ही थोर माणूस, वयामुळं जरा हललात, एवढंच म्हणतील. माझ्याबद्दल काय म्हणतील? टोझरनं देवाची बाई छिन्नीनं सोलली. हातानं, जवळून. माझा नातू लग्नाचा आहे. ह्या दगडांचे सांधे मी भरले, त्याच्यावर ह्या गावात मला नाव आहे. दुसरं काय आहे माझ्याकडं? आणि एक्केचाळीस वर्षं दर रविवारी मी हिच्यासमोर बसतो. तुम्ही चाळीस चर्चमध्ये हिंडलात. मला एकच आहे."

"म्हणूनच तर झाकू म्हणत होतो."

"तेव्हा मी म्हणलं होतं राहू द्या. तेव्हा तुम्ही घड्याळ बघितलंत."

सेप्टिमस बाकावर टेकला. बाहेर कपबशा वाजत होत्या, यिओ कुणाला तरी मोठ्यानं केक वाढत होता.

"मग कुठं लावायची?" र्‍यूबेननं विचारलं.

"लावू नकोस."

"पाटी तर लागणार, साहेब. ती कोरून झालीय."

र्‍यूबेननं खिशातून खडू काढला आणि उत्तरेच्या भिंतीपाशी गेला. त्यानं मोजलं नाही. दुसर्‍या खिडकीच्या डावीकडं, स्वतःच्या डोक्यापेक्षा वीतभर वर, तो सरळ त्या दगडापाशी जाऊन थांबला आणि त्यानं एक खूण केली. मग दुसरी, तळहाताएवढं अंतर सोडून. जिथं ते दोन डोळे होते, नेमकं तिथं. डावा जरा वर, उजवा जरा आत.

"इथं दोन भोकं पाडतो," तो म्हणाला. "बरोबर आहे ना जागा?"

"बरोबर आहे," सेप्टिमस म्हणाला.

दगड ओला होता, खडू उमटेना. र्‍यूबेननं बाहीनं भिंत पुसली आणि पुन्हा खूण केली.