रोडरोलरच्या तीनशे चाळीस गाठी

रोडरोलर फुग्यांचा हवा होता. ऑर्डर देणाऱ्या बाईच्या सासऱ्यांनी एकतीस वर्षं रोलर चालवला होता आणि आज त्यांचा ऐंशीवा वाढदिवस होता. पाच वाजता ते हॉलमध्ये पाऊल टाकतील तेव्हा रोलर समोर उभा दिसला पाहिजे, एवढंच सुनेचं म्हणणं.

"जगातली सगळ्यात जड गाडी, आणि ती करायची हवेची," फोन ठेवताना ताई म्हणाली होती. "उद्या कुणी कापसाची तिजोरी मागेल."

हॉलमागच्या खोलीत आम्ही दोघी बहिणी सकाळी सातपासून होतो. आदल्या दिवशी एका दुकानासाठी विमान करून झालं होतं, त्यामुळे कंबर सकाळपासूनच बोलत होती. ताई स्टुलावर बसली होती, पायाशी विजेचा पंप, मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं. खोक्याला एका बाजूने गोल भोक पाडलेलं. फुगा त्यातून कडांना जेमतेम टेकून गेला की माप बरोबर. ती फुगवायची, मापायची, गाठ मारायची आणि जाळीच्या पिशवीत टाकायची. मी पिशवीतून काढून जोड्या करायचे, दोन जोड्यांना पीळ देऊन चौकडी करायचे आणि ती पाइपच्या सांगाड्यावर चढवायचे. पुढचा ड्रम राखाडी, मागची चाकं काळी, बाकी सगळा पिवळा. एकूण तीनशे चाळीस फुगे.

ताईला माहीत नव्हतं ते असं, की गेले तीन महिने मी प्रत्येक फुगा सांगाड्यावर चढवण्याआधी दाबून बघत होते. तिची बोटं सांध्यांत सुजायची. गाठ पडायची, पण आवळली जायची नाही. अशा फुग्यातून हवा आवाज न करता जाते. दोन तासांत तो मऊ पडतो, चार तासांत सुरकुततो. सैल गाठ नखाने सुटते. मी ती सोडायचे, फुगा पंपाशी न नेता तोंडानेच पुन्हा भरायचे, घट्ट गाठ मारायचे आणि चढवायचे. ताईची माझ्याकडे पाठ असायची आणि पंपाचा आवाज मोठा. सुरुवातीला शंभरात दहा फुगे असे निघायचे. आज मी मोजणं सोडून दिलं होतं. तर्जनीचं कातडं दोन ठिकाणी फाटलं होतं आणि गालांच्या आत रबराची चव बसली होती.

सांगायचं कसं? हा धंदा तिचा. मला तिने शिकवला, माझी शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी गेली तेव्हा. डॉक्टरांनी बोटांना विश्रांती सांगितली तर ती त्यांना म्हणाली होती, "हात थांबले की मी घरी बसेन. आणि घरी बसले की भिंती बघत मरेन." भावोजी गेल्यापासून तिच्या घरात बोलायला भिंतीच होत्या. ती हे हसत बोलली होती, पण ती एकदा बोलली की करते.

अडीच वाजता सुनेने मला दाराचं माप बघायला हॉलमध्ये बोलावलं. रोलरला छप्पर असेल ना, विचारून घेतलं. पायऱ्यांशी ठेवायचा की मधोमध, यावर ती आणि तिचा नवरा वाद घालत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तेवढीच पाठ टेकली.

परतले तर पंप बंद. ताई ड्रमसमोर गुडघ्यांवर बसली होती, चष्मा नाकावर ओढलेला. एका फुग्याची मान तिने दोन बोटांत धरली होती.

"ही गाठ कुणाची?"

"म्हणजे?"

"मी डावखुरी आहे, धाकटे. माझ्या गाठीचा पीळ उलटा पडतो. इथे बघ, सुलटा. इथे सुलटा. हा अख्खा पट्टा सुलटा." ती एकेक मान उलटून बघत गेली. "पिशवीत तर सगळे मी टाकलेत."

गाठींचा उलटा-सुलटा पीळ मला माहीत होता, ती तो वाचेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

"किती?"

"आज अर्ध्याहून जास्त."

"आणि कधीपासून?"

"तीन महिने."

ती जमिनीवरच बसली. "तीन महिने मी तुला डबल काम लावतेय आणि तू मला पाहुणीसारखी मिरवतेयस."

"तसं नाही गं. म्हटलं, झाकली मूठ—"

"सव्वा लाखाची?" तिने डावा हात पुढे केला. बोटं तळव्यापर्यंत पोचत नव्हती. "ही मूठच वळत नाही. झाकणार काय, कपाळ?"

हसू आलं नाही कुणालाच.

"बोलली का नाहीस?"

"तू घरी बसशील म्हणून."

"आणि तू अशी झिजत राहिलीस तर? मग दोघी बसू का घरी?" तिने माझं बोट ओढून फाटलेलं कातडं बघितलं, आणि सोडून दिलं. "गाढव."

दारात सून आली. "झालं का हो? साडेतीन होत आले. बाबा पाचला पोचतायत."

चाळीस फुगे बाकी होते. ताई आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणालेली मी ऐकली नव्हती. ती स्टुलाला धरून उठली.

"पाचला नाही होणार. सहाला देतो."

"अहो, पण माणसं येणार!"

"चहा द्या त्यांना. तुमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर रोलर हाकला, त्यांना हळू जायची सवय आहे."

सून तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेली. ताईने पंप सुरू केला. एक फुगा फुगवला, मापला, आणि मान चिमटीत धरून माझ्यापुढे केला. मी गाठ मारली. मग पुढचा. एका फुग्यामागे आता दोन माणसं, आणि चौकडी चढवायला मीच उठायचे. वेग निम्म्याच्याही खाली आला. पण फुगा पुन्हा दाबून बघावा लागत नव्हता. मध्ये एकदा सवयीने मी एक दाबला, तशी ताईने नुसतं बघितलं आणि मी हात मागे घेतला. पुढचे तीस-एक फुगे असेच झाले.

सहाला दहा कमी असताना रोलर हॉलमध्ये नेला. सासरे त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दिवे राहिले." दिवे कुणीच सांगितले नव्हते. मग त्यांनी ड्रमवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. टाळ्या झाल्या. आम्ही मागे येऊन वायर गुंडाळायला लागलो.

"पुढच्या कामाला गाठी मारायला माणूस बघ," ताई म्हणाली. "मी शिकवीन."

"आणि तू?"

"पंपावर. त्याचं बटण पायाने दाबायचं असतं." तिने खोकं घडी करून पिशवीत सरकवलं. ते नीट बसेना, मी हात पुढे केला तर तिने कोपराने ढकलला. "आणि पाय गेले की मी स्वतः सांगेन. तू आधी ओळखून बसायचं नाहीस. कळलं?"

बोलायची ताकद नव्हती. मी मान हलवली. ती पाठमोरी होती, तिला दिसलं नाही. म्हणून 'हो' म्हणावं लागलं.