दार सारखं उघडू नका

“चार वाजायच्या आत हे यंत्र पळायला लागलं नाही ना, तर मी फ्रिजवाला नाही!” असं म्हणून गावाचे फ्रिज दुरुस्त करणाऱ्या फ्रिजवाल्यांनी स्क्रूड्रायव्हर तलवारीसारखा उपसला आणि कॉम्प्युटरच्या झाकणात खुपसला. झाकण सुटलं. त्याचा एक स्क्रू उडाला तो थेट बायकोच्या चहात.

“फोडा,” बायको चमच्याने स्क्रू शोधत म्हणाली. “आधीच फोडून ठेवा. म्हणजे जावईबापूंना उघडायचा तरी त्रास नको.”

दुखणं इथेच होतं. जावईबापू.

बायको घरबसल्या कॉम्प्युटरवरून क्रोशा शिकवायची. पण कॉम्प्युटर असा मंद, की बटण दाबून ती कपडे वाळत घालून यायची तेव्हा कुठे पडद्यावर उजेड पडायचा. शिकवताना मधेच सगळं गोठायचं. सुई हवेत, तोंड अर्धवट उघडं. शिकणाऱ्या बायकांना वाटायचं, बाईंना झटका आला. निम्म्या गळाल्या होत्या. आज पाच वाजता नव्या बायकांचा पहिला तास होता आणि चार वाजता जावईबापू कॉम्प्युटर पळता करायला नवी डिस्क घेऊन यायचे होते.

लग्न झाल्यापासून या घरात काहीही बिघडलं की एकच हाक उठायची, “अहो!” मिक्सर, नळ, दाराची कडी, सगळ्याला अहो. मग फ्रिजवाले आढेवेढे घेत, बडबडत, मनातून फुलत उठायचे. हल्ली काही बिघडलं की बायको फोन उचलायची. परवा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तर तिने त्याचा फोटो काढून जावयाला पाठवला. फ्रिजवाले घड्याळाच्या बरोब्बर खाली बसलेले होते.

जावई आगाऊ असता तर चाललं असतं. चार शब्द सुनावता आले असते. पण मेला स्वभावाने गोड होता. चहा घेतला की कप स्वतः विसळून ठेवायचा. त्याने तर फ्रिजवाल्यांचं अंग आणखीच जळायचं.

बायको लोकर आणायला बाहेर पडली, तसे फ्रिजवाले कामाला लागले. ब्लोअर लावून आतली धूळ उडवली. पंख्यावर तिची गोधडीच जमली होती. ती उडून बायकोच्या पांढऱ्या शालीवर बसली. मग त्यांनी डॉक्टरसारखा डब्याला हात लावला.

“तापलाय,” ते स्वतःशीच म्हणाले. “कॉम्प्रेसर तापला की दमतो, हा तापला की हा दमतो. यात डिस्क कसली बदलायची? गारवा पाहिजे गारवा!”

त्यांनी घरच्या फ्रिजमधलं दूध, लोणी, भाज्या ओट्यावर काढल्या, जाळ्या काढल्या आणि कॉम्प्युटरचा डबा आत उभा केला. वायरींमुळे दार नीट लागेना. तेव्हा दाराच्या रबरातून चांगला दोन बोटं तुकडा सुरीने कापून वायरी बाहेर घेतल्या. पडदा ओट्यावर, भोपळ्याला टेकवून. बटण दाबलं.

आणि कॉम्प्युटर पळाला की हो! धुळीची गोधडी निघाल्यामुळे पळाला असणार, पण श्रेय घेतलं फ्रिजने.

बायको आली. तिने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. “अगोबाई! अहो, लगेच उघडतंय की!”

अहो! किती दिवसांनी! फ्रिजवाल्यांना दम धरवेना. “आत बघ, आत!” म्हणून त्यांनी फ्रिजचं दार उघडलं. मग वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना बोलावून उघडलं. जिना झाडणाऱ्या बाईंना उघडून दाखवलं. त्या म्हणाल्या, “दादा, याला झाकून ठेवा. सर्दी होईल.” शेजारीण दोन मुलं घेऊन आली, तिच्यासाठी उघडलं. तिचा नवरा मागून आला, त्याच्यासाठी पुन्हा.

चार वाजता जावई आला. फ्रिजवाल्यांनी दार सताड उघडून धरलं आणि एक हात कमरेवर ठेवला.

“या. बघा. डिस्क ठेवा खिशात.”

“बाबा, आयडिया भारी आहे,” जावई वाकून आत बघत म्हणाला. “फक्त ते दार लावता का? दमट हवा आत जाऊन पाणी धरेल.”

“तुम्ही मला फ्रिज शिकवताय?”

जन्मभर गिऱ्हाइकांना हाच माणूस बजावत आला होता, दार सारखं उघडू नका, पाणी धरतं. आता तेच दार धरून त्यांनी गारव्यावर व्याख्यान सुरू केलं. आतल्या छताला एक थेंब लोंबकळला, जाड झाला आणि उघड्या डब्यात पडला. टक्. पडदा काळा.

जावई हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने वायर काढली, डबा बाहेर घेतला, रुमालाने टिपला, पण त्यात जीव नव्हता. “जुनी डिस्क कोरडी आहे, आई. तुमचे नमुने सगळे मिळतील,” तो म्हणाला आणि पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. “तोवर हा वापरा. राहू दे इथेच. मला ऑफिसचा आहे.”

लॅपटॉप उघडेपर्यंत चालूही झाला. जावई आपला कप विसळून निघून गेला.

पाच वाजता तास सुरू झाला. पलीकडच्या खोलीत सुई एकदाही गोठली नाही. इकडे फ्रिजवाल्यांनी जाळ्या लावल्या, भाज्या आत ठेवल्या. दूध नासलं होतं, लोणी वितळलं होतं. दार लावलं तरी कापलेल्या जागेतून गार हवा पायावर येत होती आणि फ्रिज न थांबता घरघरत होता. या कंपनीचं रबर आता मिळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते गुडघ्यांवर बसून चिकटपट्टी लावू लागले.

तास संपवून बायको पाणी प्यायला आली. बाटली कोमट. तिने दाराकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं.

“अ...” म्हणाली आणि थांबली. मग फोन उचलला.

“जावईबापू, पोचलात का? बरं, मी काय म्हणते, तुमच्या ओळखीत कुणी चांगला फ्रिजवाला आहे का हो?”

ती लोकर गुंडाळायला निघून गेली. थोड्याच वेळात फ्रिजवाल्यांच्या खिशातला फोन वाजला. जावयाचा होता. ते घ्यायला उठले. चिकटपट्टीचं दुसरं टोक बाहीला चिकटलेलं होतं. त्यांच्याबरोबर दाराचं उरलेलं रबरही निघून आलं.