कोंबड्याच्या वाक्यानंतरचे नऊ सेकंद

मंजूर संहितेच्या दोन प्रती असत, पानापानावर जांभळा शिक्का. एक माझ्या हातात, विंगेत, नटांना ओळी सुचवायला. दुसरी पहिल्या रांगेत, मंजुरी कचेरीच्या काम्वेंडोसाहेबांच्या मांडीवर. ते ओळींखालून पेन्सिल सरकवत नाटक बघत. संहितेबाहेरचा शब्द आला, की पेन्सिल थांबे. मागच्या वर्षी एका नटापाशी ती दोनदा थांबली होती. तो अजून घरी आलेला नाही.

माझी भीती त्याहून वाईट होती. बाबा विसरायला लागले होते.

एकेचाळीस वर्षं त्यांनी लोकांना हसवलं होतं. शाळांत नाटकं बसवली, आरोग्य खात्यासाठी माश्यांवर गाणी लिहिली, साबणाच्या जाहिरातीत बाईचा आवाज काढला, आणि दर गुरुवारी रेडिओवर भाच्यांना नको ते सल्ले देणारा मामा झाले. आमच्याकडे घरात मामाचा शब्द शेवटचा. साऱ्या देशाने त्यांना मामा करून टाकलं होतं.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच शिकवायला लागले होते. सवयीने मी एक वही केली: तारीख, विसरलेला शब्द, गेलेले सेकंद. सात आठवड्यांत बावीस नोंदी. सर्वांत मोठा खंड चार सेकंदांचा. वहीचा बाबांना पत्ता नव्हता.

"बाबा, आजचा प्रयोग राहू दे ना," मी सकाळी म्हटलं.

"का? मला काय धाड भरलीय?" मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा घास बोटांनी वळत ते म्हणाले. "नट विसरतो असं एकदा पसरलं, की संपलं. मग गुरुवारी मामा कोण होणार, तू? तुझ्या विनोदाला तर शाळेतली परीक्षानळीही हसत नाही."

झोंबा शहरातल्या सभागृहात दुपारी दोनला पडदा उघडला. दुसऱ्या अंकात ते वाक्य होतं. कोंबडा म्हणजे सत्ताधारी पक्षाची निशाणी, कचेरी खूश राहावी म्हणून बाबांनीच ते घातलं होतं: "आमचा कोंबडा कधी म्हातारा होत नाही, कारण सारा गाव त्याला प्रेमाने दाणे घालतो."

"आमचा कोंबडा कधी म्हातारा होत नाही," बाबा म्हणाले, "कारण..."

आणि थांबले.

मी कुजबुजले, "सारा गाव..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे रिकामे होते. तीन सेकंद. चार. कुणीतरी खुदकन हसलं. सहा. मागून एक बाई ओरडली, "मामा, कारण सांगायला बंदी आहे का?"

सभागृह फुटलं. लोक बाकांवर हात आपटून हसत होते. नवव्या सेकंदाला बाबाही हसले, आणि थेट पुढच्या प्रवेशातलं वाक्य बोलले. माझं लक्ष पेन्सिलीकडे होतं. ती हलत नव्हती.

नाटक संपल्यावर काम्वेंडोसाहेब ड्रायव्हरला घेऊन रंगपटात आले. आवाज अगदी मऊ.

"मामा, 'कारण'नंतर थांबायचं, असं कुठल्या पानावर लिहिलंय?"

मी पिशवीतून वही काढली.

"साहेब, ते मुद्दाम नव्हतं. ते विसरतात. हे बघा, तारखांसकट."

त्यांनी पानं सावकाश उलटली. "मामा, मुलगी म्हणते तुम्हाला आठवत नाही."

बाबांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना इतकं लाजलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. ते उठले, कोट झटकला.

"बाबा, नको."

त्यांनी दुसरा अंक सुरुवातीपासून म्हटला. म्हातारीचा आवाज, पुढाऱ्याचा आवाज, शेळीचं ओरडणं. कोंबड्याचं वाक्य आलं आणि दाण्यांसकट पूर्ण झालं. ड्रायव्हर पोट धरून हसत होता. एकेका बरोबर शब्दासरशी माझी वही खोटी ठरत चालली.

"एक अक्षर चुकलं नाही," काम्वेंडोसाहेब म्हणाले. त्यांनी वही मिटून स्वतःच्या खिशात घातली. "चला मामा. आमच्या वरिष्ठांनाही ऐकवा."

बाबांनी टोपी घेतली. दारात वळून म्हणाले, "यान्को, आईला सांग, उशीर होईल. जेवण झाकून ठेव म्हणावं."

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. रेडिओवर मामी तीच व्हायची. ती गेल्याची बातमी देशभर ऐकली गेली होती. काम्वेंडोसाहेब जागीच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि मला क्षणभर वाटलं, सुटलो.

मग त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "वा मामा! काय नट आहात! मलाही फसवलं असतंत!"

साहेब आणि ड्रायव्हर दोघंही हसले. हसणं ऐकून बाबांनी सवयीने कमरेत वाकून नमस्कार केला.

गाडीचं मागचं दार उघडल्यावर मी न विचारताच आत शिरले. कुणी अडवलं नाही. बाबांनी माझा हात घट्ट धरला. पुढे ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

"प्रयोगाला," मी म्हटलं.

"मग लवकर," ते म्हणाले, "पहिलं वाक्य सांग."