फाटक्या आवाजाची दुरुस्ती

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे आणि मी बिघडलेलो नाही. यातला पहिला भाग लोक बघताक्षणी मान्य करतात. दुसरा पटवण्यात माझं आयुष्य गेलं.

आधी माझं काम समजून घ्या. गिटारचा आवाज वायरमधून माझ्याकडे येतो तेव्हा तो फार सभ्य असतो. माझ्या पोटात काचेच्या नळ्या आहेत, त्यांना वॉल्व्ह म्हणतात. त्या तापल्या की मी तो आवाज फुगवत जातो, इतका की शेवटी तो फाटतो. समोर ‘गेन’ नावाचं बटण आहे. ते जितकं पिळाल तितका आवाज जास्त फाटतो. हे फाटणं नेमकं साधावं म्हणून मला बनवणाऱ्यांनी डोकी खाजवून टकलं पाडून घेतली. आणि एवढं करून मी येऊन पडलो कुठे, तर जिथे आवाज फाटला की लोक स्पीकर बदलतात तिथे!

मला आरमोरीला आणलं संघपालने. तो शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीत भीमगीतांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्याने मला उचललं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला. उतरताना त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, पण चेहरा नवरदेवाचा होता.

घरी पोचल्याबरोबर त्याने तार छेडली. त्याची आई ठमाबाई तांदूळ पाखडत होती. ती सूप हातात घेऊनच आत आली.

“काऊन रे, फाटका आनला काय?”

“आई, हा असाच असते.”

“असाच असते म्हणून दुकानदारानं सांगतलं असन. तुले कोनीबी फसवते.”

संघपाल हसला आणि पुन्हा तार छेडू लागला. मुलांना अपूर्णांक समजावताना न थकणारा हा माणूस आईला एक वाक्य समजावायला कंटाळला. माझ्या पुढच्या हालांचं मूळ या कंटाळ्यात आहे.

तरी पहिली काही वर्षं बरी गेली. शेजारची राईस मिल सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि मी पेंगल्यासारखा बोलायचो. मग संघपाल मिल थांबायची वाट पाहत बसे. जुन्या बनियनने मला पुसे. एका वस्तूला आणखी काय हवं असतं?

मग मिथुन तो डबा घेऊन आला. मिथुन मोहर्लीच्या जंगलात वाघ दाखवणारी सफारीची जिप्सी चालवतो आणि बँडमध्ये ड्रम वाजवतो. डबा जेवणाच्या डब्याएवढाच. त्याच्यात म्हणे जगातल्या नावाजलेल्या ॲम्प्लिफायरांच्या नकला भरलेल्या होत्या. माझीसुद्धा! म्हणजे मला माझ्याच नकलेशी स्पर्धा करायची होती. तुमच्या शाळेत असा अन्याय झाला तर पालक मोर्चा आणतील.

संघपाल एकच गत एकदा माझ्यातून, एकदा डब्यातून वाजवू लागला. मिथुन डोळे मिटून ऐकत होता.

“टोन तं सेम हाय,” तो म्हणाला.

“टोन सोड. फील सांग.”

“खरं सांगू काय? मोबाईलमधला वाघ गुरगुरला तं कानात आयकू येते, अन् खरा गुरगुरला तं पोटात. डबा कानात हाय. हा म्हातारा पोटात.”

“मंग झालं ना!”

“काय झालं? खऱ्या वाघाले जिप्सीत कोन चढवते? माही कंबर गेली ना याच्यापायी.”

कंबरेपुढे कलेचं काय चालणार? शेवटी असं ठरलं की रविवारी पुन्हा तुलना करायची. जिंकेल तो भीमजयंतीच्या मंचावर जाईल, हरेल तो विकायचा. मी निर्धास्त होतो.

पण ‘विकायचा’ हा शब्द ठमाबाईने स्वयंपाकघरातून ऐकला. पोराचा जीव माझ्यात आहे हे तिला दिसत होतं. दोष काय तो गळ्याचा; गळा सुधारला की कोण कशाला विकेल? संघपाल शाळेत गेला तसं तिने मला ऑटोत घातलं आणि बाबूभाईंकडे नेलं. बाबूभाई रेडिओ, मिक्सर, माईक, सगळं दुरुस्त करतात.

“बाई, माल असली है,” मला ऐकून ते म्हणाले. “सिर्फ गला बैठला आहे.”

त्यांनी माझी पहिली नळी काढली. नेमकी तीच, जिथून फाटायला सुरुवात होते. तिच्या जागी जुन्या सेटमधली एक शांत स्वभावाची नळी बसवली. ब्रशने धूळ झाडली, बटणं पुसली. इतक्या मायेने मला कुणीच हाताळलं नव्हतं. तेच भोवलं.

रविवारी संघपालने गेन शेवटपर्यंत पिळला आणि तार छेडली. मी रेडिओवर बाजारभाव सांगावेत तसा बोललो.

मिथुन म्हणाला, “याले काय झालं? हा तं शाकाहारी झाला!”

दारात ठमाबाई उभी होती. “पाह्य, कसा मोकळा झाला गळा! बाबूभाऊकडून करून आनला. आता विकू नोको.”

संघपालने आईचा चेहरा पाहिला. “छान झाला, आई.”

मंच डब्याला मिळाला. विकलं मात्र मला नाही. आईसमोर कसा विकणार? विहारातला स्पीकर बंद पडला होता, म्हणून मला तिथे ठेवलं. रविवारची वंदना ठमाबाई सांगे, तिचा माईक माझ्यात लागे आणि लोक म्हणत, “एकदम क्लिअर!” आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं, तेही दुसऱ्याच्या नळीसाठी.

माझी नळी बाबूभाईंनी कागदात गुंडाळून संघपालला परत दिली. “खराब है, पण तुमची अमानत.” ती खिशात घेऊन तो विहारात यायचा, माझ्यासमोर उभा राहायचा. मग आईचा माईक बघून तसाच परत जायचा.

जयंतीचा मंच विहारासमोरच होता. डब्याने पहिल्याच गाण्यात माझ्या आवाजात फाटून दाखवलं. पहिल्या रांगेतून ठमाबाई ताडकन उठली. गाणं संपेपर्यंत तिने बाबूभाईंना गर्दीतून शोधून आणलं होतं.

“भाऊ, हाही फाटका निघाला! उद्याच घेऊन जा.”

संघपाल गिटारसकट मंचावरून उतरला. “आई, थांब. हा बिघडला नाई. तोही बिघडला नव्हता. त्याले फाटासाठीच बनवलं हाय.”

ठमाबाई त्याच्यावरच उखडली. “मंग पह्यल्याच दिवशी सांगाले तुले तोंड नव्हतं काय? मी त्या बिचाऱ्याचा चांगला गळा कापून आनला ना!” तिने हात पुढे केला. “आन ती नळी.”

तेव्हापासून मी आठवडाभर घरी गुरगुरतो आणि रविवारी विहारात वंदनेपुरता शाकाहारी होतो. नळी ठमाबाईच बदलते, आणि माझी ने-आण करून मिथुनची कंबर अजून दुखते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं छत्रीपासून सायकलीपर्यंत माझे सगळे जातभाई तुम्हाला सांगून गेले असतील. माझी विनंती उलट आहे. काळजी घेण्याआधी विचारा, हा बिघाड आहे की स्वभाव? आणि ज्याला ठाऊक आहे त्याने नुसतं हसू नये, सांगावं. कारण बाबूभाईंना अजून पटलेलं नाही. घरावरून जाताना माझा आवाज आला की ते थांबतात, हळहळतात आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर चाचपतात.

कुणीतरी त्यांना चहाला घेऊन जा.