साठावं इंजिन

वसई रोड रेल्वेप्रेमी मंडळात एकूण चार माणसं. अध्यक्ष दिनानाथ चुरी, सचिव कौस्तुभ परब, खजिनदार शेल्डन परेरा आणि सदस्य विनया राऊत. म्हणजे मंडळाची जी काही सर्वसामान्य जनता होती, ती एकट्या विनयाबाई.

मंडळाचं काम गाड्या बघणं. बघायच्या, फोटो काढायचे, इंजिनाचा नंबर वहीत टिपायचा आणि घरी जाऊन इतका वेळ कुठे होतो ते पटवून द्यायचं. त्यातही एका जुन्या शेडची साठ डिझेल इंजिनं हा मंडळाचा खास जिव्हाळ्याचा विषय. ती एकेक करून मोडीत निघत होती आणि साठच्या साठ टिपायची अशी चौघांची शर्यत होती. नियम दोनच: फोटोत इंजिन अख्खं दिसलं पाहिजे आणि नंबर वाचता आला पाहिजे. अकरा वर्षं उन्हातान्हात उभं राहून विनयाने ती शर्यत जिंकली. गेल्या दिवाळीत तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. अध्यक्ष पन्नास मिनिटं बोलले, त्यातली पंचेचाळीस स्वतःविषयी.

आता मंडळ प्रदर्शन भरवणार होतं. म्हणून विनयाने सगळे फोटो घरच्या मोठ्या पडद्यावर ताणून बघायला घेतले आणि सदतिसाव्या फोटोपाशी तिचा चहा गार झाला. जोडीने धावणाऱ्या दोन इंजिनांचा तो फोटो, धुक्यातला. वहीत नंबर होता मागच्या इंजिनाचा. फोटोत होतं पुढचं. मागचं धुक्यात गडप. आणि पुढचं तर तिने बाराव्या फोटोतच टिपलेलं होतं.

साठ नव्हतेच. एकोणसाठ.

विनया विरारच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायची. तिथे एकाच्या प्लेटवर दुसऱ्याचं नाव पडलं तर धडधाकट पायाला प्लास्टर बसतं. तेवीस वर्षांत तिच्या हातून एकदाही तसं झालं नव्हतं. रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी ती दिनानाथांच्या दारात उभी.

"त्या दिवशी नंबर तुम्ही ओरडून सांगितलात, काका. मी तो लिहिला."

"मी मागच्या इंजिनाचा सांगितला. मी पुलाजवळ होतो, तिथून ते छान दिसत होतं," दिनानाथ समाधानाने म्हणाले. "तुम्ही पुढच्याचा फोटो काढलात, त्याला मी काय करणार?"

"मग माझे साठ झाले नाहीत."

"अहो ताई, सत्कार झालाय."

"सत्कार झाला. इंजिन राहिलं."

"मंडळाच्या घटनेत सत्कार मागे घ्यायची तरतूद नाही."

"मग करा तरतूद."

"त्याला सर्वसाधारण सभा लागते. आणि आपल्याकडे सर्वसाधारण म्हणजे तुम्हीच." मग ते जरा जवळ सरकून म्हणाले, "असं करू. तो एक फोटो पोस्टकार्डाएवढा छापू. नंबर वाचायला कोण भिंग घेऊन येतंय?"

विनयाने पायात चपला सरकवल्या. "ते इंजिन अजून आहे कुठेतरी. मी काढते फोटो."

ते होतं, पण फार दिवस राहणार नव्हतं. बुधवारी कौस्तुभचा ग्रुपवर संदेश आला: "कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आपले लाडके इंजिन उद्या दुपारी वसई-दिवा मार्गे एका मालगाडीला जोडून भंगारात रवाना होत आहे." खाली चार हात जोडलेले.

विनयाने इस्पितळातल्या ब्रिटनीशी ड्यूटी बदलली आणि शेल्डनला फोन लावला. शेल्डन निर्मळ गावचा. त्याची केळीची आणि फुलांची वाडी होती, आणि मंडळाच्या खात्यात काही नसल्यामुळे खजिनदार म्हणून तो अत्यंत निष्कलंक होता. पहाटे फुलं पोचवून तो स्कूटरवर आला, मागे रिकामी टोपली बांधलेलीच.

अकरा वाजता दोघं कामण रोड स्टेशनजवळ कुंपणाबाहेर उभे राहिले. ऊन पाठीशी, समोर दोन्ही रूळ मोकळे. विनयाने तीनदा जागा बदलली. साडेबाराला लांबून भोंगा वाजला.

"आली बाय!" शेल्डन म्हणाला.

आलीच, पण दोन. त्याच वेळी दिव्याकडून कंटेनरची एक मालगाडी अलीकडच्या रुळावर खडखडत आली आणि विनयाच्या आणि इंजिनाच्या मधोमध धावू लागली. डब्यांच्या फटींतून तांबूस, गंजलेलं काहीतरी सरकत गेलं. विनयाने चौदा फोटो काढले. चौदांतही कंटेनर.

"दिसला मला नंबर," शेल्डन म्हणाला. "तोच तो. लिही वहीत."

"तुला दिसला."

"म काय झालं? मी काय खोटं बोलतो?"

"मागच्या वेळीही दुसऱ्यालाच दिसला होता, शेल्डन. गाडी चालू कर."

"कुठे?"

"तिच्या मागे."

"मालगाडीच्या मागे? स्कूटरवर? येडी झाली काय बाय तू?" असं म्हणत म्हणत त्याने किक मारली.

चिंचोटी-भिवंडी रस्त्यावर स्कूटर आणि मालगाडी यांची बरोबरी होऊ शकते. तिला सिग्नल अडवतात, हिला खड्डे. विनयाने कॅमेरा पोटाशी धरला आणि दर खड्ड्याला आपलीच बरगडी मोजली. टोपली मागे टणाटण उडत होती. मग एका गोदामापाशी ट्रकांनी रस्ता पार अडवून टाकलेला. उजव्या हाताला गोदामाचं फाटक उघडं होतं आणि आवारापलीकडे दुसरं फाटक दिसत होतं. विनयाने पर्समधलं इस्पितळाचं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं.

वॉचमन आडवा आला. "कहाँ, मॅडम?"

"एक्स-रे," ती म्हणाली.

"अॅक्सिडंट हुआ क्या?"

"अभी तक नहीं. ट्रक जरा पीछे लो."

वॉचमनने शिट्टी फुंकली, ट्रक मागे सरले. शेल्डनने दुसऱ्या फाटकातून स्कूटर बाहेर काढली.

खारबावच्या अलीकडे मालगाडी लाल सिग्नलला उभी होती. मध्ये वालाचं शेत. विनया स्कूटर थांबायच्या आत उतरली. वालाच्या शेंगा तोडणारी म्हातारी उठून उभी राहिली.

"बांधावरून जा गो! वालात पाय नको! कोन मेलाय का तिथं?"

"नाही, आजी. फोटो काढायचाय."

"कोनाचा?"

"इंजिनाचा."

म्हातारीने शेल्डनकडे सहानुभूतीने पाहिलं.

इंजिनाच्या काचा गेल्या होत्या. दारावर कुणीतरी खडूने फुली मारली होती. पण ते अख्खं होतं, समोर होतं आणि मध्ये काहीही नव्हतं. विनयाने बांधावर गुडघा टेकून सहा फोटो काढले. मग शेल्डनला हाक मारली.

"नंबर वाच. मोठ्याने नको. कागदावर लिही."

"आता आणि काय?"

"मी पण लिहिते. मग दोन्ही ताडून बघू."

दोन्ही कागद समोरासमोर धरले. पाचही आकडे जुळले. सिग्नल हिरवा झाला, पुढच्या इंजिनाने ओढ घेतली, मेलेलं इंजिन एक हिसका खाऊन निघालं. विनया शेवटचा डबा जाईपर्यंत उभी राहिली. मग तिने दिनानाथांना फोन केला.

"अभिनंदन, ताई!" पलीकडून आवाज आला. "म्हणजे सत्कार योग्यच होता. फक्त जरा आधी झाला."

"वहीत लिहा, काका. दिवाळीला एकोणसाठ होते, आज साठ झाले. तारखेसकट."

"लिहितो, लिहितो."

"आणि अजून एक सांगा. तुम्ही ओरडलात आणि मी लिहिलं, असे आणखी किती असतील?"

"असतील सहा-सात," दिनानाथ म्हणाले. "पण आता कशाला उकरून काढता? आणखी एखादं चुकीचं निघालं तर? ती इंजिनं केव्हाच वितळली. पुन्हा मिळायची नाहीत."

"मग तेवढी कमी लिहायची," विनया म्हणाली आणि फोन ठेवला.

शेल्डन टोपली पुन्हा घट्ट बांधत होता. "आता घरी ना?"

"माझ्या घरी. चष्मा आणलायस ना? पहिल्या फोटोपासून सुरू करू. आधी तू वाचायचं."